नेटाचं सातवं मत

हॅलो?

… हॅलो, कोण? अगं नेटा! मोठ्यानं बोल गं, मी चर्चच्या हॉलमागच्या स्वयंपाकघरात आहे, बाजूला चहाचं पिंप खदखदतंय… हो, हो, इशबेलच. माझा फोन दुसरी कोण उचलणार?

… नाही, उशीर नाही झाला. साडेअकराला कर म्हटलं होतं, अकरा बत्तीस झालेत. आत सगळ्या वाटच बघतायत. विल्मा दर मिनिटाला घड्याळाकडे बघते. अध्यक्षबाईंनी डोळे वटारले की काटे पळतात असं तिला वाटतं.

… ते सांगते. आधी खुबा कसा आहे ते सांग.

… काठी? वॉकर सोडलास? तीन आठवड्यांत? अगं, कमाल आहेस!… हो का… आणि रोरी काय म्हणतो?… असं म्हणतो?… नाही, चांगला आहे गं पोरगा, मी कुठे वाईट म्हणतेय. आईसाठी गॅरेजवर नाही, गॅरेजच्या जागेवर खोली बांधली त्यानं. तळमजल्यावर. पिवळा रंगसुद्धा दिला. किती मुलगे करतात एवढं?

… हो, पिवळाच म्हणाला होता मला फोनवर. कस्टर्डसारखा? मग काय, छानच.

… इथे काय असणार. समुद्रावरून धुकं आलंय सकाळपासून. पलीकडचा किनारा गायब. पूल अर्धाच दिसतो, गाडी येते ती थेट ढगातून येते. तुमच्या ॲबर्डीनला ऊन असेल… तिथेही धुकं? बरं वाटलं ऐकून.

… खायला? फॉरफरच्या ब्रायडी आणल्यात. खिम्याच्या, त्या मोठ्या करंज्या. मी स्वतः बसनं जाऊन आणल्या. आणि म्युरियलनं माझी दोन भोकांची उचलली. चाळीस वर्षं पोस्टाच्या काउंटरवर बसून लोकांना बरोबर तिकिटं दिली या बाईनं, आणि एक भोक म्हणजे साधी, दोन म्हणजे कांद्याची, एवढं कळत नाही तिला. कळतं गं. मुद्दाम करते.

… हो, हो… अगं ऐक ना. मुद्द्याचं बोलू. मतदान झालं.

… तीन-तीन.

… अगदी तीन-तीन. तीन पांढरी बटणं होकाराची, तीन काळी नकाराची. डबा उपडा केला आणि विल्मानं दोनदा मोजली, जसं काही सहा बटणांत एखादं लपून बसणार आहे. म्हणून तुझं मत हवंय. सातवं.

… कुणी काय टाकलं ते मी सांगणार नाही. गुप्त मतदान आहे.

… हो, म्युरियलनं काळंच टाकलं. ती घरून स्वतःचं काळं बटण घेऊन येते, त्यात गुप्त काय राहिलं?

…

काय?

… कसलं पत्र?

… नाही म्हणजे… पोस्टाचं काय सांगावं हल्ली. म्युरियल होती तेव्हाची गोष्ट वेगळी.

… नेटा, तू ना… बरं. थांब जरा, दार लावते.

… हां. आलं पत्र. गेल्या गुरुवारीच आलं. गुंतवणूक क्लबमधून नाव काढा, माझा वाटा मला द्या, सही नेटा लेडिंगम. अक्षर रोरीचं, सही तुझी. सही जरा तिरकी होती, पण तुझीच.

… माझ्या पिशवीत आहे. ब्रायडीच्या खाली.

… नाही वाचलं सभेत. आलेली पत्रं वाचायची वेळ आली तेव्हा मी म्हणाले, 'हॉलचं भाडं वाढलंय, एवढंच.' एकोणीस वर्षं खजिनदार आहे मी, नेटा. एकोणीस वर्षांत एक पावती इकडची तिकडे केली नाही. आणि आज सगळ्यांसमोर, ब्रायडीचं तेल लागलेल्या हातानं, खोटं बोलले. म्युरियलनं बघितलंही माझ्याकडे.

… का म्हणजे? पत्र वाचलं की तू सभासद राहत नाहीस म्हणून! वाचलं नाही तोवर आहेस. नियमाला धरूनच आहे ते… बरं, नियमाला चिकटून आहे म्हण.

… ओरड, ओरड. ओरडून घे. ॲबर्डीनला गेल्यापासून आवाज बरा झालाय तुझा.

… हे बघ, पत्र मी फाडलेलं नाही. तू म्हणशील तर आत्ता आत जाते, वाचते, माफी मागते. तुझे सगळे मिळून चार हजार होतात, नियम सातप्रमाणे तीस दिवसांत हातात देते. फक्त मला एकदा तुझ्या तोंडून ऐकायचंय. पलंगावर पडून, झोपेची गोळी घेऊन केलेली सही मला नकोय. नीट विचार कर, मग सांग. त्याआधी त्या ट्रस्टमध्ये पैसे घालायचे का, ते मत दे. तेवढ्यापुरती तरी तू सभासद आहेस.

… देतेस? दे बाई. उपकार झाले.

… हो, वाचून दाखवते. नियम चार. खजिनदारानं दोन्ही बाजू एकाच आवाजात वाचायच्या. मागच्या वेळी तूच आक्षेप घेतला होतास, 'विरोधातलं वाचताना इशबेलनं नाक मुरडलं' म्हणून. फोनवर नाक दिसत नाही, सुटले.

ऐक. 'लिंट्राथन ग्रोथ ट्रस्ट. आपल्या बाँडचे बारा हजार पौंड परत आलेत. ते या ट्रस्टच्या शेअरमध्ये घालावेत का?' बाजूनं, मांडणार विल्मा…

… हो, ती एडिंबराला त्यांच्या वार्षिक सभेला जाऊन आली. दोन सँडविच खाऊन, चार रुमालात बांधून आली. पण प्रश्नही विचारला गं तिनं. एवढ्या सगळ्या सूटवाल्यांत उभी राहिली आणि म्हणाली, 'ज्या कंपन्या बाजारातच नाहीत, त्यांची किंमत तुम्ही कशावरून लावता? शेवटचं कोण तिथे जाऊन बघून आलं?'

… एकजण आली होती म्हणे बघून. तरुण मुलगी. कारखान्यात चार दिवस राहून आली होती. विल्माला ते फार आवडलं.

वाचते. 'ट्रस्टकडे जे शेअर आहेत त्यांची किंमत शंभर धरली, तर ट्रस्टचा स्वतःचा शेअर आज बाजारात ब्याऐंशीला मिळतो.' … हो, बरोबर, शंभराचा माल ब्याऐंशीला. 'दोन तृतीयांश पैसा मोठ्या, वाढणाऱ्या कंपन्यांत. एक तृतीयांश अशा कंपन्यांत, ज्या अजून बाजारात आलेल्याच नाहीत. तुम्हाआम्हाला त्यांचे शेअर दुसरीकडे कुठे मिळणार नाहीत.'

… कोणत्या म्हणजे… एक उपग्रह बनवते, पावाच्या लादीएवढे. एक कोळंबीच्या टरफलांपासून जखमेवर लावायची पट्टी करते.

… हसू नकोस, टाके दुखतील. खरंच कोळंबी. नॉर्वेत. तुझ्या खुब्याला लावली असती तर कदाचित आत्तापर्यंत नाचत असतीस… मांजरं मागे लागली असती, तेही खरं.

पुढे ऐक. 'ट्रस्टमधून कुणाला बाहेर पडायचं असेल तर तो आपला शेअर बाजारात दुसऱ्याला विकतो. ट्रस्टला स्वतःचं काही विकावं लागत नाही. म्हणून सावकाश पिकणाऱ्या कंपन्या ट्रस्टला निवांत सांभाळता येतात. कुणी घाई करू शकत नाही.' विल्मानं याखाली दोन रेघा मारल्यात.

… हो. आपल्या क्लबचं उलटं आहे. आपल्यातली एक गेली की तिचे पैसे रोख मोजून द्यावे लागतात. ते मी म्हणत नाही हं, कागदावरही नाही. तूच म्हणालीस.

आता विरोधातलं. मांडणार म्युरियल. त्याच आवाजात वाचतेय, लक्ष दे.

'एक. बाजारात न आलेल्या कंपन्यांची किंमत बाजार ठरवत नाही, ट्रस्टनं नेमलेली समिती ठरवते, तीही अंदाजानं. माझ्या शेजारणीचं घर विकायला नाही, गिऱ्हाईक आलेलं नाही, तरी ती म्हणते चार लाखांचं आहे. असू दे.' … हो, 'असू दे' असंच लिहिलंय. 'दोन. अठराची सूट उद्या तीसची होऊ शकते. स्वस्त आहे म्हणून घेतलं आणि आणखी स्वस्त झालं, तर हसू आपलंच. तीन. ट्रस्टनं कर्ज काढूनही गुंतवलंय. वर जाताना बरं वाटतं, खाली येताना दुप्पट आपटतं. चार. चार वर्षांपूर्वी याच शेअरची किंमत एका वर्षात निम्मी झाली होती. पाच. लाभांश इतका किरकोळ की त्यात सातजणींचा चहासुद्धा होणार नाही.'

… पोस्टात बसून कुठे शिकली म्हणजे? लोकांची पेन्शन वाटत होती ती. कुणाचे पैसे कुठे बुडाले ते सगळ्यांच्या आधी तिला कळायचं.

आणि सहावं. 'सहा. ट्रस्टवालेच सांगतात की निदान दहा वर्षं थांबायची तयारी असेल तरच घ्या. आपल्यातली सगळ्यांत तरणी विल्मा, ती एकोणसत्तरची. मी सत्त्याहत्तरची. हिरवी केळी विकत घेतानासुद्धा मी विचार करते.'

…

नेटा?… ऐकतेयस ना?

… हो. दहा वर्षं.

… सहावा मुद्दा वाचल्यावर विल्मानंही पेन खाली ठेवलं. मग म्युरियलनंच चहा ओतला सगळ्यांना.

… नाही, मी माझं मत सांगणार नाही. नियम आहे.

… अगं नाही सांगणार म्हटलं ना!

… पैसे सांभाळायची मजुरी किती घेतात ते? थांब, कागदावर आहे… शंभर पौंडांना वर्षाचे ऐंशी पेन्स. कमीच आहे या मानानं… हो, हाही प्रश्न बरोबर आहे तुझा. सगळ्यांत मोठ्या तीन कंपन्या मिळून एकूण मालाचा पाव हिस्सा. पाव! म्युरियलनं हे कसं नाही लिहिलं? तुझ्या डोक्यात बरं येतं… बाजारात येणाऱ्या आहेत का त्यातल्या? एक पुढच्या वर्षी येईल म्हणतात. 'म्हणतात' हं.

… बघ, कशी सुरू झालीस. काय गं, तिथे कुणाशी बोलतेस असलं? रोरीशी?

… तो म्हणतो, 'आई, तू आता कशाला डोकं शिणवतेस.' … प्रेमानंच म्हणतो, कळतं मला.

…

काय सांगायचंय?

… कधी?

… शुक्रवारी? शुक्रवारी आलं आणि तू आज मंगळवारी सांगतेस! पुन्हा सांग, नीट सांग.

… तुझ्याच इमारतीत? तळमजला? ती मागच्या अंगणाकडची जागा, जिच्या खिडकीत कुंड्यांची रांग असायची? ती बाई गेली?… अच्छा, मुलीकडे गेली राहायला, तसं गेली होय. मी घाबरले… आणि घरं देणाऱ्या ऑफिसनं पत्र पाठवलं तुला. तिसऱ्या मजल्याची जागा सोडा, ही घ्या. भाडं तेवढंच. जिना नाही.

… बासष्ट पायऱ्या एका पत्रानं गेल्या, नेटा!

… रोरीला माहीत नाही? मग पत्र कुठे आहे?

… उशीच्या अभ्र्यात?

… आणि मला ओरडत होतीस! मी ब्रायडीखाली ठेवलं तर केवढा गुन्हा! निदान माझं पत्र सभेच्या जागी तरी आहे, तुझं झोपायच्या जागी आहे!

… हस, हस… हो, मीही हसतेय. विल्मा आत विचारत असेल, काय चाललंय म्हणून.

… कधीपर्यंत कळवायचंय त्यांना?

… उद्या?

…

उद्या.

… नाही, काही नाही झालं. पिंपाचा नळ बंद करत होते.

… मी काय सांगू गं. हे तुझं तू ठरवायचं. मला विचारू नकोस.

… नको ना विचारूस.

… बरं. बरं, मग एक करते. नियम चारप्रमाणे करते. दोन्ही बाजू, एकाच आवाजात. तू मधे बोलायचं नाहीस.

विषय, नेटा लेडिंगमनं ॲबर्डीनला राहावं की घरी यावं. ॲबर्डीनच्या बाजूनं. एक, रोरी. चांगला मुलगा आहे, सूनही बरी… 'बरी'च म्हणणार मी, तिनं माझ्या डंडी केकमधल्या मनुका वेचून बाजूला काढल्या होत्या. दोन, नाती. संध्याकाळी त्या शाळेतून आल्या की तुझ्या खोलीत येतात, तू सांगितलंस मला, धाकटी तुझ्या काठीचा घोडा करते. हे मोठंच आहे. याला मी कमी लेखत नाही. तीन, वीजबिल नाही, स्वयंपाक नाही. चार, पुन्हा पडलीस तर ओरडल्यावर कुणीतरी ऐकेल. त्या दिवशी जिन्यात तू पाऊण तास पडून होतीस. मी होते घरी, पलीकडच्याच गल्लीत, टीव्ही बघत होते. तुला माहीत नाही, पण मी अजून त्या वेळेला टीव्ही लावत नाही.

… म्हटलं ना, मधे बोलायचं नाही.

आता घराच्या बाजूनं. एक, तळमजला. दोन, डॉक्टर ओळखीचा, दुकानदार ओळखीचा, रस्त्यावरच्या कुत्र्यांचीसुद्धा नावं तुला माहीत. तीन, रोरीचं घर गाडीनं दीड तासावर आहे, चंद्रावर नाही. नाती सुट्टीत येऊ शकतात. चार, तुझं डोकं. तिथे तुझ्या डोक्याला काम नाही. आत्ता पाच मिनिटांत तू म्युरियलला न सुचलेली गोष्ट काढलीस. पाच…

…

पाच…

… थांब जरा. चष्मा पुसते.

… पाच, मी. मला तू इथे हवी आहेस. मुरंब्याच्या कारखान्यात आपण दोघी एका पट्ट्यावर उभ्या राहायचो तेव्हापासून माझी सवय आहे तुझी. मंगळवारी ती रिकामी खुर्ची बघवत नाही मला. विल्मा त्यावर कोट टाकते आणि मी दर वेळी उचलून दुसरीकडे ठेवते. झालं. बोलले. आवाज एकसारखा राहिला नाही, नियम मोडला. लिही तक्रार.

…

…

नेटा?

… रडत नाहीये गं. धुकं आहे म्हणाले ना. खिडकी उघडी आहे.

… काय म्हणतेस?

… हो, म्हणजे ट्रस्टला तुझे पैसे दहा वर्षं लागतील, तोवर नाती… मोठी एकवीसची होईल तोवर, हो.

… हं.

… हं, बोल. ऐकतेय.

… तू काय विचारतेस ते कळलं. तुझा वाटा बाजूला ठेवायचा असेल तर ट्रस्टमध्ये आठच हजार जातील. ठेवायचा नसेल तर बाराच्या बारा. तेच मला तुला विचारायचं होतं सकाळपासून आणि तोंडातून निघत नव्हतं. चार हजार बाजूला ठेवू का, नेटा?

…

… पुन्हा बोल. पिंप बंद केलंय, आता स्वच्छ ऐकू येतं. पुन्हा बोल.

… बाराच्या बारा.

… माझेही घाल, म्हणालीस. नीट ऐकलं मी? 'माझेही घाल, आणि दहा वर्षांनी कोळंबीचं काय झालं ते बघायला मी खुर्चीवर हवी'… अगं बाई…

… नाही, ते खाली येऊ शकतं हं, मी सांगून ठेवते. निम्मं होऊ शकतं. म्युरियलचे सहाच्या सहा मुद्दे खरे आहेत… हो, माहीत आहे तुला ते. माहीत असून घेतेस. मग ठीक. मग ते आपलंच.

… रोरीचं काय करणार?

… आज जेवताना सांगणार. चिडेल जरा. नाही, चिडणार नाही, गप्प होईल, ते जास्त वाईट… हो, त्याला म्हणावं पिवळी खोली तशीच ठेव, सुट्टीत मी येऊन राहीन. आणि मला गाडीनं घरी नेऊन सोड म्हणावं, सामान जास्त आहे. त्याला काम दिलंस की तो खुलतो, लहानपणापासून तसाच आहे… आणि घरांच्या ऑफिसला उद्या नको, आजच फोन कर. आत्ता. माझा ठेवलास की लगेच.

… पडदे? अगं, पडद्यांचं बघू गं! तिसऱ्या मजल्याच्या खिडक्या मोठ्या, तळमजल्याच्या बुटक्या, कापून शिवू… मी शिवीन. तू टाके घालायला लागलीस तर पडदा आणि सोफा एकत्र शिवशील.

… पत्राचं काय करू? तूच सांग. फाडू?… नको? बरं… 'आलं होतं, परत घेतलं' असं इतिवृत्तात लिहू… आणि मी आत जाऊन कबूल करते की लपवलं होतं. नाही, करणार. मला झोप लागणार नाही नाहीतर. म्युरियल बोलेल मला, बोलू दे.

… थांब, दार वाजतंय… काय गं विल्मा?… आलेच. हो, तीच आहे फोनवर… झालं तिचं. दार उघडंच ठेव, सगळ्यांना ऐकू दे.

नेटा, फोनवर राहा, ठेवू नकोस. फोन वर धरतेय.

ऐका सगळ्या. नेटा लेडिंगमचं मत, पांढरं. चार विरुद्ध तीन, ठराव मंजूर. आणि रक्कम बारा हजार, पूर्ण. तिचा वाटा धरून… हो, म्युरियल, मी तेच म्हणाले. तिचा वाटा धरून. दहा वर्षांसाठी.

…

नेटा, ऐकतेयस? ऐकू येतंय ना?

… विल्मा नाही गं. विल्मा नुसती उभी आहे, तोंड उघडं टाकून. टाळ्या म्युरियल वाजवतेय. सहा मुद्दे लिहिले, घरून काळं बटण आणलं, हरली, आणि उभी राहून टाळ्या वाजवतेय वेडी… हो, हो, आता सगळ्याच… ठेवू नकोस इतक्यात, ऐक…